गोवर एकदाच, मग सर्दी दरवर्षी काहून?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे.)



सचिवांनी मला सांगितलं, "डॉक्टरसाहेब, आरोग्यावर अर्धा तास बोला. पण शुगर-बीपी नको, ते सगळ्यांचं ऐकून झालं." मी विचारात पडलो. मग विषय मिळाला तो आपल्याच कॉलनीतल्या एका आजींकडून. मागच्या महिन्यात त्या नातवाला घेऊन आल्या. नाक वाहत होतं, बाकी पोरगा टुणटुणीत. आजी म्हणाल्या, "काहो डॉक्टर, माह्या लहानपनी मले गोवर निंगाला तो एकडाव. मंग जिंदगीभर नाही. अन् हे सर्दी दर महिन्याले वापस येते. असं काहून? या पोराच्या अंगात ताकदच नाही का?"

मी तेव्हा नेहमीचं उत्तर दिलं, "होईल बरा." आजींचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. प्रश्न साधा वाटला तरी डॉक्टरीच्या मोठाल्या पुस्तकांत त्याला बरीच पानं दिलेली आहेत. या प्रश्नाचं उत्तर नीट न समजल्यामुळे मी स्वतः एक चूक केली होती. तीही आज इथेच सांगणार आहे, कारण ती तुमच्याचसमोर झाली होती.

चौकीदार आणि नोंदवही

पहिल्यांदा शरीर काय करतं ते पाहू. आपल्या सोसायटीचंच उदाहरण घेतो. आपल्याकडे गेटवर चौकीदार आहे आणि आत ऑफिसमध्ये नोंदवही आहे. चौकीदार गेटवरच हटकतो. नोंदवही कुणाला हटकत नाही, पण पूर्वी कोण गडबड करून गेलं याची तिच्यात नोंद असते. गरज पडली की ती उघडून माणसं गोळा करता येतात.

शरीराचंही जवळपास असंच आहे. सर्दी-खोकल्याचा विषाणू नाकातून, घशातून शिरतो. तिथल्या ओलसर अस्तरावर एक प्रकारची प्रतिपिंडं असतात. प्रतिपिंडं म्हणजे कोरोनाच्या काळात आपण सगळे ज्याला 'अँटिबॉडी' म्हणायला शिकलो ती. नाकातली ही प्रतिपिंडं म्हणजे गेटवरचा चौकीदार. विषाणू पेशीत घुसायच्या आधीच ती त्याला चिकटतात. दुसरी प्रतिपिंडं रक्तात फिरतात आणि फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोचतात. तिसरी गोष्ट म्हणजे स्मृतिपेशी. एकदा भेटलेला विषाणू त्या लक्षात ठेवतात आणि तो पुन्हा आला की काही दिवसांत नवीन प्रतिपिंडांची फौज उभी करतात. त्यांच्या जोडीला टी-पेशी असतात. विषाणूने ताब्यात घेतलेल्या आपल्याच पेशी शोधून त्या नष्ट करतात. आग लागलेल्या एका घराचं छप्पर पाडून बाकीची आळी वाचवावी, तसं हे काम.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की हे सगळे सारखे टिकत नाहीत. नाकातला चौकीदार काही महिन्यांत ढिला पडतो. रक्तातली प्रतिपिंडं आजारानंतर तीन-चार आठवड्यांनी सर्वांत जास्त असतात. मग ती उतरतात आणि पुढे खालच्या पातळीवर बराच काळ राहतात. नोंदवही मात्र वर्षानुवर्षं टिकते. २००३ साली सार्स नावाचा आजार आला होता, तो कोरोनाचा थोरला भाऊ. त्यातून बरे झालेल्या लोकांचं रक्त १७ वर्षांनी तपासलं, तेव्हाही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या.

प्रतिपिंडं उतरली म्हणून घाबरायचं कारण नाही. प्रत्येक आजाराची फौज जर शरीराने कायम उभी ठेवली, तर खायला-प्यायला कुठून पुरवायचं? काम झालं की फौज घरी जाते. ज्याचं काम नोंदी ठेवायचं आहे तो राहतो.

लेकरू जन्मतं तेव्हा

बाळ जन्मतं तेव्हा त्याची नोंदवही कोरी असते. पण निसर्गाने त्याला उघड्यावर सोडलेलं नाही. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. आईने आयुष्यभर जे जे आजार काढले, ज्या ज्या लसी घेतल्या, त्याची ही उसनी शिदोरी असते. बाळंतपणानंतरचं पहिलं पिवळसर दूध काही घरांत अजूनही पिळून टाकतात. ते टाकू नका. त्यात नाकाच्या, घशाच्या, आतड्याच्या अस्तराचं रक्षण करणारी प्रतिपिंडं ठासून भरलेली असतात.

पण शिदोरी उसनी आहे, म्हणजे ती संपते. आईकडून आलेली प्रतिपिंडं साधारण दर तीन आठवड्यांनी निम्मी होतात. सहा महिन्यांचं बाळ होईपर्यंत बरीच उतरलेली असतात. गोवरची लस जन्मल्याबरोबर न देता नऊ महिने पूर्ण झाल्यावर का देतात, हे आपल्या अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना विचारा. आईची प्रतिपिंडं शिल्लक असताना लस दिली, तर ती प्रतिपिंडंच लसीला निकामी करतात आणि बाळाची स्वतःची नोंद होत नाही. म्हणून पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत.

शिदोरी संपली की बाळ रांगायला लागतं, मग अंगणवाडीत, मग शाळेत जातं. तिथे त्याची आणि विषाणूंची खरी ओळखपरेड सुरू होते. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार आहेत. ऱ्हायनो म्हणजे नाक, म्हणून हा नाकाचा विषाणू. त्याच्या जोडीला इन्फ्लुएंझा, आरएसव्ही, अडेनो, पॅराइन्फ्लुएंझा आणि साध्या सर्दीचे चार जुने कोरोना. एका प्रकाराची नोंद दुसऱ्याला फारशी लागू पडत नाही. त्यामुळे लहान मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं हे दुबळेपणाचं लक्षण नाही. ते मूल नोंदवही लिहितंय. मोठ्या माणसाला वर्षाला दोन-तीनदा होते, कारण त्याची बरीच पानं भरलेली असतात.

आजींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे झालं. नातवात ताकद आहे. तो पहिलीच्या वर्गात आहे, एवढंच.

गोवर एकदाच का?

आता पहिला प्रश्न. गोवरही हवेतून, श्वासावाटेच पसरतो. मग तो एकदाच का होतो?

हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका तरुण डॅनिश डॉक्टरने, पीटर पानुम त्याचं नाव. १८४६ साली उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर गोवरची मोठी साथ आली. बेटांवर आठ हजारांच्या आत वस्ती, त्यातले सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. पानुम घरोघर फिरला. त्याच्या लक्षात आलं की काही अगदी म्हातारी माणसं या साथीतून सुटली आहेत. ही तीच माणसं होती ज्यांना १७८१ च्या साथीत गोवर झाला होता. मधे ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हता. म्हणजे ६५ वर्षं पुन्हा उजळणी न होताही शरीराने आठवण ठेवली होती.

याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे गोवरचा विषाणू आपलं रूप बदलू शकत नाही. त्याच्या बाहेरच्या कवचात फेरफार झाला तर त्याला पेशीत शिरताच येत नाही. दुसरं कारण वेळेचं. गोवर शरीरात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत दहा ते चौदा दिवस जातात. तो नाकातून रक्तात, रक्तातून सगळीकडे असा लांबचा प्रवास करतो. तेवढ्या वेळात नोंदवही उघडते, फौज तयार होते आणि आजार बाहेर दिसायच्या आत दाबला जातो.

सर्दीचा विषाणू असा लांब जातच नाही. तो नाकाच्या अस्तरातच राहतो आणि एक ते तीन दिवसांत आपलं काम उरकतो. स्मृतिपेशींना जागं होऊन फौज उभी करायला तीन-पाच दिवस लागतात. तोवर नाक वाहून झालेलं असतं! अशा विषाणूला अडवायचं तर गेटवर चौकीदार जागाच पाहिजे. आणि नेमका तोच काही महिन्यांत पेंगायला लागतो.

गोवर एकदाच होतो म्हणून तो साधा समजू नका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की गोवर होऊन गेलेल्या, लस न घेतलेल्या मुलांच्या शरीरातली इतर आजारांविरुद्धची प्रतिपिंडं ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती. म्हणजे हा पाहुणा जाताना दुसऱ्यांच्या नोंदींची पानंही फाडून नेतो. "आमच्या वेळी सगळ्यांले गोवर निंगे, काही होत नव्हतं," असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्यांना काही झालं, ते सांगायला राहिले नाहीत.

सर्दी पुन्हा होते, पण तशीच होत नाही

इंग्लंडमध्ये सॅलिसबरी गावाजवळ सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र १९४६ ते १९९० पर्यंत चाललं. स्वयंसेवक तिथे येऊन राहायचे आणि त्यांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडला जायचा. तिथे साध्या सर्दीच्या एका कोरोनाचा प्रयोग झाला. ज्यांना लागण झाली होती, त्यांच्या नाकात वर्षभराने तोच विषाणू पुन्हा सोडला. त्यातल्या बहुतेकांना पुन्हा लागण झाली. पण सर्दी? एकालाही नाही. नाकात विषाणू सापडला, पण थोडे दिवसच.

माझ्या मते आजच्या भाषणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. लागण होऊ न देण्याची शक्ती लवकर ओसरते. आजार वाढू न देण्याची शक्ती बराच काळ टिकते. आपण या दोन गोष्टींना एकच नाव देतो, 'इम्युनिटी', आणि मग गोंधळ होतो.

आरएसव्ही नावाचा आणखी एक विषाणू आहे. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला तो एकदा तरी होतो. अमेरिकेतल्या एका प्रयोगात आधी आरएसव्ही झालेल्या मोठ्या माणसांना तोच विषाणू पुन्हा पुन्हा दिला. दोन महिन्यांत निम्म्यांना आणि आठ महिन्यांत दोन-तृतीयांश लोकांना परत लागण झाली. विषाणू तोच, माणूस तोच. विसरलं ते फक्त नाक. मोठ्या माणसाला यात दोन दिवस सर्दी होते, कामही बुडत नाही.

पण तोच विषाणू दोन महिन्यांच्या बाळाच्या छातीत उतरला तर काय होतं, हे आपल्याला दूर जाऊन पाहायला नको. इथून उत्तरेला सातपुडा चढला की मेळघाट. धारणीजवळ डॉ. आशीष सातव यांच्या 'महान' संस्थेने गावोगाव फिरून दोन वर्षांखालच्या मुलांमधल्या आरएसव्हीचा अभ्यास केला. दवाखान्यात पोचलेली मुलंच नव्हे, घरी दगावलेली मुलंही त्यांनी मोजली. अशी मोजणी जगात फार थोड्या ठिकाणी झाली आहे. आपण ज्याला 'पोट उडतंय', 'डबा झाला' म्हणतो, त्यातल्या काही लेकरांमागे हा साध्या सर्दीचा विषाणू असतो. तो बाळापर्यंत येतो कसा? बहुतेक वेळा घरातल्याच कुणाच्या तरी नाकातून. पहिलीत जाणाऱ्या ताईच्या, नाहीतर लाडाने पापा घेणाऱ्या मामाच्या.

फ्लूची वेगळी चाल

फ्लूच्या बाबतीत आपण विसरतो तेवढंच नाही, तो स्वतःही बदलतो. दरवर्षी कवचात थोडा थोडा फरक. नोंदवहीत फोटो आहे, पण येणाऱ्याने मिशी वाढवली आणि टोपी घातली, असं समजा. आणि कधीतरी तो पूर्ण नव्या चेहऱ्याने येतो. १९१८ साली तसंच झालं. जूनमध्ये मुंबईत सौम्य लाट आली, सप्टेंबरपासून भयंकर लाट उसळली आणि रेल्वेने ती आत पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत जास्त झळ बसलेल्या भागांपैकी एक होता. जुनी माणसं तिला मानमोडीची साथ म्हणत. देशात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं गेली असे अंदाज आहेत. त्यातही तरणीताठी माणसं जास्त गेली.

त्या साथीतून वाचलेल्या काही लोकांचं रक्त ९० वर्षांनी, २००८ साली, अमेरिकेत तपासलं. त्यांच्या शरीरात १९१८ च्या विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडं अजून होती!

याच आठवणीचा दुसरा पुरावा १९७७ मध्ये मिळाला. एच१एन१ हा फ्लू १९५७ पासून दिसेनासा झाला होता. वीस वर्षांनी तो परत आला, तेव्हा आजारी पडली ती मुख्यतः पंचविशीच्या आतली मुलं. त्यांचे आईवडील सुटले, कारण त्यांच्या नोंदवहीत तो चेहरा होता. २००९ चा स्वाइन फ्लू तुम्हाला आठवत असेल. ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला, तोही शाळकरी मुलीचा. त्या साथीतही साठीपुढच्या लोकांना लागण तुलनेने कमी झाली. त्यांच्या बालपणी फिरणारा फ्लू त्या नव्या विषाणूचा दूरचा नातेवाईक होता.

म्हणजे फ्लूच्या बाबतीत तुमचं जन्मसालसुद्धा महत्त्वाचं. लहानपणी पहिला फ्लू कोणता भेटला, त्याचा ठसा जन्मभर राहतो.

माझी चूक

आता कबुली. २०२१ ची संक्रांत. आपण याच अंगणात तिळगुळाला जमलो होतो. आधीच्या सप्टेंबरात कॉलनीतल्या बऱ्याच घरांत कोरोना येऊन गेला होता, दिवाळीनंतर रुग्ण कमी झाले होते. मला कुणीतरी विचारलं, "डॉक्टर, आता मास्क ठेवायचा का?" मी हसत म्हणालो, "अर्ध्या गावाला होऊन गेला. आता कशाला येतो तो?" डॉक्टरच म्हणतोय म्हटल्यावर लोकांनी मास्क खिशात घातले. मीही घातला.

ते 'अर्धं गाव' मी मनानेच ठरवलं होतं. तीन आठवड्यांनी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे जाहीर झाले. डिसेंबर-जानेवारीत देशात २१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं होती. ग्रामीण भागात १९.१ टक्के. म्हणजे गावात पाचातले चार अजून कोरे होते. आणि फेब्रुवारी संपायच्या आत सबंध महाराष्ट्रात पहिल्यांदा रुग्ण वाढले ते आपल्याच भागात, अमरावती, अकोला, यवतमाळकडे. अमरावतीत लॉकडाऊन लागला. पुढे डेल्टाने काय केलं ते मी सांगायला नको. या अंगणात तेव्हा तिळगूळ घेतलेली तीन माणसं आज इथे नाहीत. माझ्या एका वाक्यामुळे ती गेली असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण त्या वाक्याची मला आठवण होत नाही अशी एकही संक्रांत त्यानंतर गेली नाही.

माझ्या चुकीचे दोन भाग होते. किती जणांना होऊन गेला हे मी मोजलं नव्हतं. आणि 'एकदा झाला म्हणजे संपला' हा गोवरचा नियम मी सर्दीच्या घराण्यातल्या विषाणूला लावला. खरं तर साध्या सर्दीचे चार कोरोना पुन्हा पुन्हा होतात, हे तेव्हाही ठाऊक होतं. नेदरलँड्समध्ये दहा माणसांचं १९८५ पासून जपून ठेवलेलं रक्त तपासून, साधारण वर्षभराने पुन्हा लागण सर्रास होते, असा निष्कर्ष २०२० मध्येच प्रसिद्ध झाला होता. मी वाचला नव्हता.

दुसरी बाजूही सांगतो. २०२२ च्या जानेवारीत ओमिक्रॉन आला. लस घेतलेल्यांना, आधी होऊन गेलेल्यांना, सगळ्यांनाच झाला. लोक म्हणाले, "मग लस कशाला घेतली?" पण आठवा, त्या वेळी ऑक्सिजनसाठी धावपळ झाली का? ओमिक्रॉन मुळात थोडा सौम्य होता हे खरं. पण मोठा फरक नोंदवहीने पाडला. चौकीदार चुकला, नोंदवही कामी आली. सॅलिसबरीचा प्रयोग आपण सगळ्यांनी मिळून पुन्हा केला म्हणा ना!

लॉकडाऊन उठल्यावर आणखी एक गोष्ट झाली. दोन वर्षं मुलं घरात होती, तेव्हा फ्लू आणि आरएसव्ही जवळपास गायब होते. शाळा उघडल्या आणि सगळं एकदम आलं. २०२३ च्या सुरुवातीला एच३एन२ फ्लूने घरोघरी लांबलेला खोकला ठेवला, तो आठवत असेल. मुलं दुबळी झाली नव्हती. दोन वर्षांची उजळणी राहून गेली होती, ती एका हंगामात करावी लागली.

मग आपण करायचं काय?

एवढं ऐकून घेतलंत, आता कामाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, तान्ह्या बाळाची. सहा महिन्यांच्या आतलं बाळ घरात असेल तर सर्दी झालेल्याने ते उचलू नये. आजोबा असले तरी नाही. आईलाच सर्दी झाली तर तिने हात धुऊन, तोंडाला रुमाल बांधून पाजावं, पण पाजणं थांबवू नये. बाळ आजारी पडलं तर त्याचे कपडे वर करून मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास होत असतील, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, किंवा बाळ पीत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. आणि पोटावर डागणी, बिब्बा, काही नको. त्यात फक्त वेळ जातो आणि लेकराला जखम होते.

दुसरी, म्हाताऱ्या माणसांची. वयानुसार जुन्या नोंदी बऱ्याच वाचता येतात, पण नवीन लिहायला हात थरथरतो. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी इथे प्लॉट घेतले ते आपण आता साठी-सत्तरीत आहोत. पासष्टीपुढच्यांनी, दमा, मधुमेह, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी फ्लूच्या लशीबद्दल आपापल्या डॉक्टरांशी बोलावं. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये असतो, म्हणून पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी. ती दरवर्षी का घ्यायची, हे आता तुम्हीच मला सांगाल: विषाणू चेहरा बदलतो आणि चौकीदार पेंगतो. गरोदर बाईने घेतली तर तिची प्रतिपिंडं बाळालाही मिळतात, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ही लस थेट देताच येत नाही.

तिसरी, 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' डब्यांची. हळदीचं दूध घ्या, आल्याचा चहा घ्या, घशाला बरं वाटतं. पण कोणत्याही पावडरीने नोंदवहीत विषाणूचा फोटो लागत नाही. तो विषाणू भेटून लागतो, नाहीतर लशीने. पावडरीचे पैसे अंडी, डाळ आणि भाजीला घाला. आणि साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. ती जिवाणूंची औषधं आहेत, विषाणूंवर त्यांचा काही उपयोग नाही.

चौथी गोष्ट आपल्या सगळ्यांची मिळून. दिवाळीत पुण्या-मुंबईची मुलं-नातवंडं येतात. ती आली की घर भरतं, आणि त्यांच्यासोबत तिकडचे विषाणूही येतात. पोरांना येऊ नका म्हणू नका, हात जोडतो! फक्त खिडक्या उघड्या ठेवा, अंगणात बसा, आणि ज्याला ताप-खोकला आहे त्याने दोन दिवस आजी-आजोबांच्या खोलीत जाऊ नये. तरण्या माणसाची सर्दी त्याच्यापुरती साधीच असते. ती पुढे कुणाच्या नाकात जाते, तिथे तिची किंमत ठरते.

संस्थेचं पहिलं रजिस्टर मी परवा चाळलं. पहिल्या वर्षीच्या नोंदी आहेत: बोअरला पाणी लागलं, नालीचा वाद मिटला, कडुनिंबाची रोपं लावली. लिहिणारे काही जण आता नाहीत, पण त्यांनी लिहिलं म्हणून तो नालीचा वाद आपल्याला पुन्हा करावा लागला नाही. शरीराचंही तसंच आहे, आणि गावाचंही. माझी संक्रांतीची चूक या स्मरणिकेत छापली जावी असं मी संपादक मंडळाला मुद्दाम सांगितलं, ते यासाठीच. पुढच्या वेळी कुणी डॉक्टर अंगणात उभा राहून "आता संपलं" म्हणाला, तर त्याला विचारा, "मोजलं का?"

आणि त्या आजी समोरच बसल्या आहेत. आजी, उत्तर लांबलं, माफ करा. नातू मजबूत आहे. त्याची वही भरते आहे. फक्त त्याचं नाक पुसायचा रुमाल तुमच्या पदराचा नको, वेगळा ठेवा.

संस्थेला पन्नाशीच्या शुभेच्छा देतो आणि थांबतो. जय हिंद, जय महाराष्ट्र.